सभासदांची नावे संगणकात अर्धवट तुटतात : मराठी नावाला रोमन नावापेक्षा जास्त बाइट का लागतात?

प्रश्न : ग्रंथालयसेविका, महाल

सर्वांना नमस्कार. नागपूरच्या महाल भागातील एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात मी काम करते. सभासदांची हस्तलिखित नोंदवही आणि ग्रंथसूची संगणकावर घेण्याचे काम आम्ही सध्या हाती घेतले असून त्यासाठी एका स्थानिक व्यावसायिकाकडून छोटी प्रणाली तयार करून घेतली आहे. सर्व नावे देवनागरीतच नोंदवावीत, असा आमच्या कार्यकारिणीचा ठराव आहे आणि माझेही मत तेच आहे.

अडचण सभासदांच्या ओळखपत्रांवर छापण्याच्या चिठ्ठ्या काढताना लक्षात आली. ज्यांचे नाव ‘लक्ष्मीनारायण’ आहे त्यांच्या चिठ्ठीवर ‘लक्ष्मीनार’ एवढेच छापून येते आणि त्यापुढे शंकरपाळ्याच्या आकाराच्या काळ्या चौकटीत पांढरे प्रश्नचिन्ह दिसते. व्यावसायिकाला विचारले असता त्याने सांगितले की नावाचा रकाना ३२ बाइटांचा आहे, रोमन लिपीत हे नाव १२ बाइटांत बसते, मराठीत मात्र ते मावत नाही. तेव्हा नावे रोमन लिपीत भरावीत, म्हणजे जागाही वाचेल आणि हा त्रासही संपेल.

मला हे पटलेले नाही, पण त्याचे म्हणणे खोडून काढण्याइतकी माहिती माझ्याकडे नाही. ‘लक्ष्मीनारायण’ हे नाव मी मोजले तर सहाच अक्षरांचे भरते. सहा अक्षरांना ३२ बाइट कसे पुरत नाहीत? मराठी लिहिल्याने खरोखरच इतकी जागा जाते का, की काही हजार सभासदांच्या नोंदींसाठी तिची चिंता करावी? आणि आमच्याकडे सभासदांची एक जुनी यादी आहे, जी काही वर्षांपूर्वी इतवारीतील एका डीटीपी केंद्रातून टंकलिखित करून घेतली होती; ती आता कोणत्याही संगणकावर उघडली की निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. त्या यादीचे काही करता येईल का? जाणकारांनी सविस्तर सांगितले तर कार्यकारिणीसमोर ते मांडता येईल.


उत्तर : संगणक-अध्यापक, धरमपेठ

ताई, आपली शंका अगदी रास्त आहे आणि कार्यकारिणीचा ठरावही योग्य आहे. मुळापासून सांगतो, कारण आपल्या तिन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे.

संगणकाच्या स्मृतीत अक्षर नसते, चित्र नसते आणि सूरही नसतो. तेथे फक्त बिट असतात, म्हणजे शून्य किंवा एक यांपैकी एक अवस्था. आठ बिटांचा गट म्हणजे बाइट. आठ जागांवर शून्य-एकच्या २५६ वेगवेगळ्या मांडण्या होतात, म्हणून एका बाइटमध्ये ० ते २५५ यांपैकी कोणतीही एक संख्या राहते. बाइट आठच बिटांचा असावा असा निसर्गनियम नाही. सुरुवातीच्या यंत्रांत सहा बिटांचे गटही प्रचलित होते; आयबीएमने १९६४ साली जाहीर केलेल्या सिस्टीम/३६० या संगणकमालिकेनंतर आठ बिटांचा बाइट सर्वत्र रुळला.

आता महत्त्वाची गोष्ट. बाइटमधील संख्या कशाची आहे हे त्या बाइटमध्ये कोठेही लिहिलेले नसते. १६४ ही संख्या घ्या. छायाचित्राच्या फाइलमध्ये ती करड्या रंगाची एक छटा असू शकते. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या ‘इस्की’ या संकेतावलीत, म्हणजे कोणती संख्या कोणत्या अक्षरासाठी हे ठरवणाऱ्या तक्त्यात, १६४ म्हणजे ‘अ’. विंडोजच्या पाश्चात्त्य संकेतावलीत १६४ म्हणजे चलनाचे एक सर्वसाधारण चिन्ह. वाचणाऱ्याने कोणता करार गृहीत धरला आहे यावरच अर्थ ठरतो, आणि लिहिणाऱ्याचा व वाचणाऱ्याचा करार जुळला नाही तर बाइट एकही न बदलता मजकूर निरर्थक होतो. आपल्या जुन्या यादीचे नेमके हेच झाले आहे.

हा करार किती बारीक असतो ते आपल्याच नोंदवहीतील पिनकोडावरून पाहता येईल. ४४०००१ हा पिनकोड इंग्रजी अंकांत मजकूर म्हणून साठवला तर ५२, ५२, ४८, ४८, ४८, ४९ असे सहा बाइट होतात, कारण ‘आस्की’ या संकेतावलीत (तिच्याविषयी पुढे सांगतो) चार या अंकाचा क्रमांक ५२, शून्याचा ४८ आणि एकचा ४९ आहे. तोच पिनकोड संख्या म्हणून चार बाइटांच्या रकान्यात साठवला तर ०, ६, १८२, १९३ असे चार बाइट होतात; सहा गुणिले ६५,५३६, अधिक १८२ गुणिले २५६, अधिक १९३ केले की ४,४०,००१ येतात. देवनागरी अंकांत मजकूर म्हणून लिहिला तर त्यालाच १८ बाइट लागतात.

हे १८ कोठून आले? अमेरिकेत १९६३ साली ठरलेल्या ‘आस्की’ संकेतावलीत फक्त १२८ संकेत होते, म्हणजे सात बिट पुरत. त्यांत रोमन अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे बसली, पण देवनागरीला जागाच नव्हती. पुढे युनिकोड या जागतिक संकेतावलीने जगातील लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक दिला. देवनागरीच्या मुख्य गटाला २३०४ ते २४३१ हे १२८ क्रमांक मिळाले आणि त्यांत ‘न’ चा क्रमांक २३४४ आहे. ही संख्या २५५ पेक्षा मोठी असल्यामुळे एका बाइटमध्ये राहूच शकत नाही. ती बाइटांत कशी मांडायची याची आज सर्वाधिक वापरली जाणारी रीत म्हणजे यूटीएफ-८, जी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये तयार केली. तिचा नियम असा की १२७ पर्यंतच्या क्रमांकाला एक बाइट, २०४७ पर्यंत दोन, ६५,५३५ पर्यंत तीन आणि त्यापुढे चार बाइट. देवनागरी २३०४ पासून सुरू होते, म्हणजे दोन बाइटांची हद्द संपल्यावर थोडीच पुढे, आणि म्हणून आपल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात.

प्रत्यक्ष पाहायचे तर २३४४ ही संख्या १६ बिटांत ००००१००१००१०१००० अशी होते. तिचे ००००, १००१०० आणि १०१००० असे तीन तुकडे करायचे. पहिल्यापुढे १११० आणि उरलेल्या दोघांपुढे १० लावायचे. मिळालेले बाइट म्हणजे २२४, १६४ आणि १६८. या उपसर्गांमुळे वाचणाऱ्या प्रणालीला कोणत्याही ठिकाणी कळते की हा बाइट अक्षराचा आरंभ आहे की मागच्याचा शेष भाग. मला ही मांडणी फार सुंदर वाटते, कारण मध्येच एखादा बाइट गहाळ झाला तरी तेवढे एकच चिन्ह बिघडते, पुढचा मजकूर शाबूत राहतो.

आता आपले ‘लक्ष्मीनारायण’. डोळ्यांना अक्षरे सहा दिसतात, परंतु संगणक काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडण्याचे चिन्ह ही सर्व स्वतंत्र मोजतो. एकट्या ‘क्ष्मी’ मध्ये क, पाय मोडण्याचे चिन्ह, ष, पुन्हा पाय मोडण्याचे चिन्ह, म आणि दुसरी वेलांटी अशी सहा चिन्हे आहेत, म्हणजे १८ बाइट. पूर्ण नावात चिन्हे १३ आणि बाइट ३९. आपला रकाना ३२ बाइटांचा. त्यात पहिली दहा चिन्हे, म्हणजे ‘लक्ष्मीनार’ इथपर्यंतचे ३० बाइट पूर्ण बसले आणि ‘रा’ मधील कान्याच्या तीन बाइटांपैकी दोनच आत आले. त्या अपुऱ्या दोन बाइटांचे चिन्ह होऊ शकत नाही, म्हणून प्रणालीने त्यांच्या जागी ‘येथे वाचता न आलेले काही आहे’ असे सांगणारे ते प्रश्नचिन्ह दाखवले. दोष मराठीचा नाही आणि यूटीएफ-८ चाही नाही. अक्षराच्या मध्यावर कापणाऱ्या रकान्याचा आहे.

जागेविषयी म्हणाल तर पाच हजार सभासद धरा आणि प्रत्येकाच्या नोंदीत २०० चिन्हे धरा. देवनागरीत ते ३० लाख बाइट होतात, रोमन लिपीत साधारण १० लाख. वाचले किती, तर सुमारे २० लाख बाइट, म्हणजे दोन एमबी. ए-४ आकाराचे एकच पान ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, करड्या छटांत स्कॅन केले तर २४८० गुणिले ३५०८ इतके ठिपके होतात आणि ठिपक्याला एक बाइट धरून, दाबून लहान करण्यापूर्वी, ती ८६,९९,८४० बाइटांची फाइल असते. एका स्कॅन केलेल्या पानाच्या चौथ्या हिश्श्याइतकी जागा वाचवण्यासाठी पाच हजार माणसांची नावे दुसऱ्या लिपीत लिहिणे मला कोणत्याही हिशेबाने योग्य वाटत नाही. शिवाय त्यात माहिती नष्ट होते. ‘काळे’ आणि ‘काले’ ही दोन वेगळी आडनावे रोमन लिपीत सहसा एकसारखीच लिहिली जातात, आणि एकदा तशी भरली की उद्या कोणताही संगणक ती पुन्हा वेगळी करून देऊ शकणार नाही.

पडताळून पाहायचे असल्यास नोटपॅडमध्ये फक्त ‘नागपूर’ लिहून फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करावी आणि तिच्या गुणधर्मांत आकार पाहावा. न, काना, ग, प, दीर्घ ऊकार, र अशी सहा चिन्हे, म्हणून १८ बाइट दिसायला हवेत.


उत्तर : डेटाबेसचे काम करणारा, मिहान

अध्यापक महोदयांनी कारण सांगितले आहे. मी उपायाकडे वळतो. रकान्याची लांबी बाइटांत मोजायची की चिन्हांत, हे प्रत्येक डेटाबेस, म्हणजे नोंदी साठवणारी प्रणाली, आपापल्या पद्धतीने ठरवतो. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या डेटाबेसांत व्हारचारच्या, म्हणजे कमीजास्त लांबीचा मजकूर ठेवणाऱ्या रकान्याच्या, पुढील आकडा चिन्हांचा असतो. ओरॅकलमध्ये तो मुळात बाइटांचा समजला जातो, पण रकाना तयार करतानाच चिन्हांत मोजावा असे सांगता येते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये व्हारचारचा आकडा बाइटांचा असतो, तर एनव्हारचार या दुसऱ्या प्रकारच्या रकान्यात दोन-दोन बाइटांच्या जोड्या मोजल्या जातात, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह अशा एका जोडीत बसते. तेव्हा व्यावसायिकाला एवढेच विचारावे की आपला रकाना कोणत्या एककात मोजला आहे. बाइटांतच मोजायचा असेल तर अपेक्षित चिन्हांच्या तिप्पट लांबी ठेवावी, आणि चिन्हे मोजताना काना-मात्रा धरायला विसरू नये. नुसत्या नावासाठी ६० चिन्हे आणि पत्त्यासाठी २०० चिन्हे ठेवली तर सहसा अडचण येत नाही. लांबी वाढवल्याने डिस्क भरत नाही, कारण व्हारचारमध्ये रिकामी उरलेली जागा साठवली जात नाही.

आपली प्रणाली मायएसक्यूएलवर असेल तर आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. तेथे ‘यूटीएफ-८’ या जुन्या नावाने मिळणारा संकेतसंच प्रत्यक्षात तीन बाइटांपर्यंतच जातो. देवनागरीला तो पुरतो, पण जुन्या वाचनालयात मोडी कागदपत्रे असतात आणि त्यांची सूची कधी ना कधी मोडी अक्षरांत करावी लागेल. मोडी लिपीचा समावेश युनिकोडमध्ये २०१४ साली झाला आणि तिचे क्रमांक ७१,१६८ पासून सुरू होतात, म्हणजे प्रत्येक चिन्हाला चार बाइट. यासाठी ‘यूटीएफ-८-एमबी-४’ हाच संच निवडायला सांगावे. हे आज केले तर काही मिनिटांचे काम आहे. नोंदी भरून झाल्यावर तेच करणे जिकिरीचे होते.

पुस्तक परत करण्याची आठवण आपण एसएमएसने पाठवणार असाल तर तेथेही बाइटांचाच हिशेब आहे. एका संदेशात १४० बाइट म्हणजे ११२० बिट असतात. इंग्रजी मजकूर सात-सात बिटांत जातो, म्हणून १६० अक्षरे बसतात. मराठीला प्रत्येक चिन्हामागे दोन बाइट, म्हणून ७०. मजकूर त्याहून लांबला तर संदेशाचे तुकडे होतात आणि जोडणीची माहितीही सोबत पाठवावी लागत असल्याने प्रत्येक तुकड्यात ६७ चिन्हेच उरतात. तेव्हा आठवणीचा मजकूर आटोपशीर ठेवणे येथे खरोखर खर्चाच्या दृष्टीने हिताचे आहे.


उत्तर : अक्षरजुळणीकार, इतवारी

मी गेली अनेक वर्षे मराठी अक्षरजुळणी करीत आलो आहे, म्हणून ताईंच्या जुन्या यादीबद्दल लिहितो. आपली यादी नष्ट झालेली नाही, याची आधी खात्री बाळगावी. त्या काळात आम्ही जे फॉन्ट वापरत होतो त्यांत फाइलमध्ये रोमन अक्षरांचेच संकेत साठवले जात, आणि त्या संकेतांच्या जागी फॉन्टमध्ये मराठी वळणे काढून ठेवलेली असत. फाइलला आपण मराठी आहोत हे ठाऊकच नसे. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर मूळ रोमन अक्षरे उघडी पडतात, आणि तीच आपल्याला दिसत आहेत. प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची मांडणी निराळी होती, त्यामुळे पहिले काम म्हणजे यादी कोणत्या फॉन्टमध्ये आहे ते शोधणे. वर्डच्या फाइलमध्ये मजकुरावर कर्सर ठेवला तर फॉन्ट संगणकावर नसला तरी त्याचे नाव वरच्या पट्टीत दिसते. त्या फॉन्टसाठी बनवलेला परिवर्तकच, म्हणजे जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी प्रणालीच, वापरावा, दुसरा चालत नाही.

परिवर्तनानंतर दोन ठिकाणे डोळ्यांखालून अवश्य घालावीत. जुन्या फॉन्टमध्ये आम्ही पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकत असू, कारण ती कागदावर डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफाराचे उलट आहे, तो आम्ही अक्षर झाल्यावर वर चढवत असू आणि युनिकोडमध्ये त्याचा ‘र’ आधी येतो. परिवर्तक बहुतेक वेळा हे सांभाळतो, पण जोडाक्षराला वेलांटी किंवा रफार असेल तेथे चुकतो.

दुसरी गोष्ट आपल्या मराठीपुरतीच आहे आणि बाहेरच्यांना ती सहसा माहीत नसते. ‘कऱ्हाडे’ या आडनावातील अर्धा र तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आणि पाय मोडण्याचे चिन्ह, म्हणजे सहा बाइट. दुसऱ्यात साधा ‘र’, त्याखालचे टिंब म्हणजे नुक्ता आणि पाय मोडण्याचे चिन्ह, म्हणजे नऊ. तिसऱ्यात ‘र’, पाय मोडण्याचे चिन्ह आणि एक न दिसणारे जोडचिन्ह, म्हणजे पुन्हा नऊ. तिन्ही पडद्यावर हुबेहूब सारखे दिसतात, पण बाइट वेगळे असल्याने एका पद्धतीने शोधले तर दुसऱ्या पद्धतीने भरलेले कऱ्हाडे सापडत नाहीत. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या प्रमाणीकरणाने, म्हणजे समान मानलेली रूपे एकाच रूपात आणण्याच्या ठरलेल्या रीतीने, एकरूप करता येतात, तिसरा मात्र स्वतंत्रपणे बदलून घ्यावा लागतो. नोंदी दोन-तीन जण वेगवेगळ्या कळफलकांवर भरणार असतील तर हे आताच ठरवून घ्या.


प्रतिसाद : ग्रंथालयसेविका, महाल

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. वरील उत्तरे छापून कार्यकारिणीच्या बैठकीत ठेवली आणि रोमन लिपीचा प्रस्ताव तेथेच मागे घेण्यात आला. व्यावसायिकानेही रकाना बाइटांत मोजला जात असल्याचे मान्य करून लांबी वाढवून दिली असून ‘लक्ष्मीनारायण’ आता पूर्ण छापले जाते. जुन्या यादीचा फॉन्ट कोणता ते कळले आहे आणि तिचे परिवर्तन सुरू आहे.

दोन शंका उरल्या आहेत. नोटपॅडच्या प्रयोगात वाचनालयाच्या जुन्या संगणकावर ‘नागपूर’ ची फाइल १८ नव्हे तर २१ बाइटांची झाली. हे तीन बाइट कसले? शिवाय सभासदांची सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली यादी, एक्सेलमध्ये उघडली की प्रत्येक अक्षराच्या जागी वर आघातचिन्ह असलेला छोटा रोमन ‘ए’ आणि पुढे चलनासारखे चिन्ह, असे सारखे उमटत राहते. दुसरी शंका अकारविल्हे यादीची आहे. तिच्यात ‘काळे’ हे ‘कावळे’ च्या आधी येतात, तर आमच्या हस्तलिखित नोंदवहीत ते नंतर आहेत. कोणते बरोबर धरावे?


उत्तर : संगणक-अध्यापक, धरमपेठ

जुन्या विंडोजमधील नोटपॅड यूटीएफ-८ फाइलच्या आरंभी २३९, १८७, १९१ असे तीन बाइट स्वतःहून घालत असे. फाइल कोणत्या संकेतावलीत आहे याची ती खूण आहे. ती मजकुराचा भाग नाही, म्हणून आपले १८ आणि हे ३ मिळून २१ झाले. एक्सेलला मात्र हीच खूण हवी असते. ती नसली तर एक्सेल फाइल पाश्चात्त्य संकेतावलीत वाचतो, आणि त्या संकेतावलीत २२४ म्हणजे आघातचिन्हाचा ‘ए’ व १६४ म्हणजे चलनाचे चिन्ह. देवनागरीच्या मुख्य गटातील प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५ असल्याने तीच जोडी ओळीने दिसत राहते. ती दिसली तर माहिती शाबूत आहे असे समजावे. फक्त तशा अवस्थेत फाइल पुन्हा जतन करू नये. डेटाबेसमधून सीएसव्ही काढतानाच ‘खुणेसह यूटीएफ-८’ असा पर्याय निवडावा.

क्रमाबाबत आपली नोंदवहीच बरोबर आहे. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’ नंतर येतो, पण युनिकोडमध्ये त्याचा क्रमांक २३५५ आहे आणि ‘व’ चा २३५७. नुसत्या बाइटांवरून क्रम लावणारी प्रणाली म्हणूनच काळ्यांना कावळ्यांच्या आधी बसवते. यासाठी बाइट बदलायचे नसतात, क्रम लावण्याचा नियम बदलायचा असतो. युनिकोडच्या भाषावार नियमसंग्रहात मराठीसाठी ‘ळ’ ला ‘ह’ नंतर ठेवणारा नियम आहे आणि पोस्टग्रेससारखे डेटाबेस तो वापरू शकतात. व्यावसायिकाला नावाच्या रकान्यावर मराठीचा क्रमनियम लावण्यास सांगावे आणि तपासणीसाठी काळे, कावळे, काशीकर व काहाळकर ही चार आडनावे भरून पाहावीत. कावळे, काशीकर, काहाळकर, काळे असा क्रम आला की नियम लागू झाला.